तीन वेतं, चोवीस बिल्ले: वराह-रक्त प्रकल्पाच्या नोंदी

२२ जुलै २०२५, मंगळवार

प्राणी नीती समितीचं मंजुरीपत्र आज हातात पडलं. आता कामाला लागायला हरकत नाही. फार्म लोणी काळभोरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. लॅब शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे हडपसर, स्टेशन आणि विद्यापीठ चौक. पुढे जे जे बिघडेल त्यातलं निम्मं या रस्त्यावर बिघडेल, असा माझा अंदाज आहे.

तीन लार्ज व्हाइट यॉर्कशायर माद्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्यायच्या आहेत. पिल्लांचं रक्त पहिल्या दिवशी, मग तीन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि पुढे लसीच्या हिशेबाने घ्यायचं. क्लासिकल स्वाइन फीवरची (डुकरांचा विषाणूमुळे येणारा जीवघेणा ताप) लस अर्ध्या पिल्लांना सहाव्या आठवड्यात, अर्ध्यांना नवव्या. प्रत्येक वेतातली निम्मी इकडे, निम्मी तिकडे, नाहीतर शेवटी आपण लशीऐवजी आईच मोजत बसू.

फार्मच्या दादांनी एका वाक्यात विषय संपवला. "डॉक्टरताई, लस कधी टोचायची तेवढं सांगा. बाकी तुमचं रक्तबिक्त तुम्ही बघा." प्रस्तावात मी हाच प्रश्न तीन पानांत मांडला होता.

यादी तयार केली. जांभळ्या बुचाच्या नळ्या हिमोग्लोबिन आणि पेशींसाठी, लाल बुचाच्या सीरमसाठी. ग्लुकोज गाळलं. नळीतल्या पेशी वाटेत साखर खात राहतात, आणि लॅबला पोचायला दीड-दोन तास. करड्या बुचाच्या फ्लोराइड नळ्यांचा वेगळा खर्च करण्याइतकं काही त्यातून कळणार नव्हतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, यादीत ठेवायला लावलं. ठेवलं.

५ ऑगस्ट, मंगळवार, पहाटे

तिसरीही व्याली. आधीच्या दोघी रविवारी-सोमवारी. नऊ, दहा, आठ, अशी सत्तावीस जिवंत पिल्लं. पाऊस थांबायचं नाव नाही, पत्र्यावर इतका आवाज की डुकरं सांभाळणाऱ्या मामांशी ओरडून बोलावं लागत होतं.

एक आणि दोन नंबरच्या माद्या इथल्याच, दरवर्षी लस टोचलेल्या. तिसरी दादांनी बाजारातून गाभण आणलेली, पहिल्याच वेताची. तिला आधी लस मिळाली का, कोणालाच माहीत नाही. ती पिल्लांना जवळ येऊ देईना. उठबस चालू, एक पिल्लू तिच्याखाली जाता जाता वाचलं. पहिल्या पिल्लाला चीक मिळेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले.

डुकरात हा चीकच सगळं काही. माणसाचं बाळ आईच्या अँटिबॉडी वारेतून घेऊनच जन्माला येतं. डुकराच्या वारेचे थर इतके की त्यातून अँटिबॉडी पलीकडे जातच नाहीत, पिल्लू येतं ते पार रिकामं. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या चोवीस ते छत्तीस तासांत. त्यानंतर आतड्याचं दार बंद होतं. मग कितीही पाजा, प्रथिनं पचतात पण रक्तात उतरत नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

चिकाची चाचणी. या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत आवडणारी. पिल्लाचं ५० मायक्रोलिटर सीरम, त्यात तेवढंच ४० टक्क्यांचं अमोनियम सल्फेट. मिसळलं की इम्युनोग्लोब्युलिन साका होऊन बाहेर पडतं. पीसीव्हीच्या (रक्तात पेशींचा भाग किती, त्या मोजणीच्या) काचेच्या केशनळीत भरायचं, एक टोक मेणाने बंद करायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं. तळाशी पांढरा खडूसारखा थर बसतो. थराची लांबी भागिले द्रवाची एकूण लांबी. पट्टी लागते, किट लागत नाही.

नळ्या खिडकीत ओळीने लावल्या आणि पट्टी उचलायच्या आधीच दिसलं. एक नंबरच्या पिल्लांचे थर जाड, एकसारखे. दोन नंबरची वरखाली, शेवटी जन्मलेल्या दोघांचे बारीक. तीन नंबरच्या आठांपैकी तिघांत नुसती पांढरी रेघ. मी ती रेघ चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. रेघच.

स्वतःसाठी टीप: ही चाचणी एकूण इम्युनोग्लोब्युलिन दाखवते. त्यात स्वाइन फीवरविरुद्धचं किती, ते यातून कळत नाही. जाड थर म्हणजे लसीचं संरक्षण, असं लिहायचा मोह होईल. लिहायचं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

लोहाची इंजेक्शनं, २०० मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान, मानेत. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात जेमतेम ५० मिलिग्रॅम लोह, गरज रोज ७ मिलिग्रॅमची, आणि दुधातून मिळतं कसंबसं १. मातीत लोळणारं डुक्कर मातीतून भरून काढतं, सिमेंटच्या कोबावरच्याला ती सोय नाही.

मामांचा हात झपाट्याचा. दोघा-तिघांच्या मानेवर मागे तपकिरी ओघळ दिसला. कातडी जरा बाजूला ओढून सुई घालावी म्हणजे काढल्यावर भोक झाकलं जातं, हे सांगितलं. मामा म्हणाले, "ताई, वीस वर्षं टोचतोय." मी गप्प बसले. ओघळ कुठल्या पिल्लांचे, हे मात्र लिहून ठेवलं नाही. चूक माझी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तीन आठवडे. आज पिल्लांच्या कानात नंबरचे बिल्ले मारले. तीन पिल्लं दगावली (दोन आईखाली, एक हगवणीने), उरली चोवीस. एक ते आठ पहिलीची, नऊ ते सतरा दुसरीची, अठरा ते चोवीस तिसरीची.

रक्त कसं घेतलं ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण आजचा निम्मा दिवस त्यातच फुकट गेला. पिल्लू मामांच्या मांडीत उताणं, पुढचे पाय पोटाकडे ओढलेले, हनुवटी खाली दाबलेली. मान आणि छातीचं हाड जिथे भेटतं तिथे अंगठ्याला खळगा लागतो. सुई त्या खळग्यातून, उजव्या बाजूने, पलीकडच्या खांद्याच्या रोखाने. डावीकडून नाही, हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेच्या दृष्टीने उजवी बाजू कमी धोक्याची मानतात. शीर दिसत नाही, सगळा खेळ अंदाजाचा. दट्ट्या किंचित मागे ओढून ठेवायचा आणि सुई हळूहळू पुढे. लागली की सिरिंजमध्ये गडद लाल धार एकदम येते आणि हाताला जाणवतं. एका पिल्लाला एक सुई, दुसऱ्याला तीच कधीच नाही. स्वाइन फीवर सुईवरून फिरतो.

घाई नडली. धार बारीक आली की मी दट्ट्या जोरात ओढत होते, आणि नळीत भरताना सुईतूनच पिचकारी मारत होते. डुकराच्या लाल पेशी नाजूक. लॅबमध्ये फिरवल्यावर चोवीसपैकी नऊ नळ्यांत सीरम गुलाबी, दोनांत तर कोकमाच्या सरबतासारखं. पेशी फुटून हिमोग्लोबिन सांडलं की हॅप्टोग्लोबिनची (अंगातली सूज दाखवणारं प्रथिन) आमची चाचणी गेली, कारण तिचा आधारच हिमोग्लोबिनशी होणारी जोडी. पोटॅशियम आणि एएसटी हे एन्झाइमही खोटे वाढतात.

पुढच्या वेळी: सुई काढून मगच नळीत सोडायचं, नळीच्या भिंतीवरून ओघळत. गोठेपर्यंत तासभर सावलीत उभी ठेवायची, लगेच बर्फात खुपसायची नाही. आणि उद्या गणपती बसणार असताना हडपसरमार्गे गाडी काढायची नाही. तीन तास लागले. सगळा रस्ता मूर्ती नेणाऱ्या टेम्पोंचा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पेशी मोजायच्या मशीनचं रसायन संपलं होतं, म्हणून काही जांभळ्या नळ्या शेजारच्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिल्या. तिथल्या मुलीने फॉर्मवर इमानदारीने लिहिलं: नाव डुक्कर १४, वय ३ आठवडे, लिंग पु. रिपोर्ट आला. लाल पेशी आकाराने लहान, रक्तक्षय, 'त्वरित डॉक्टरांना भेटावे.'

आम्ही खूप हसलो. डुकराच्या लाल पेशी माणसापेक्षा लहानच असतात. माणसाच्या ८० ते १०० फेम्टोलिटर, डुकराच्या ५० ते ६८. माणसाच्या मोजमापाने फार्मवरचं प्रत्येक डुक्कर आजारी.

मग मॅडमनी हिमोग्लोबिनचा आकडा पाहिला. ७.६. पेशीचा आकार मशीनच्या समजुतीवर असतो, पण हिमोग्लोबिन रसायनाने मोजतात, ते डुकराचं काय आणि माणसाचं काय. ८ च्या खाली म्हणजे खराच रक्तक्षय. आणि लोह कमी पडलं तर पेशी आणखी लहान होतात, म्हणजे त्या रिपोर्टमधली हसण्यासारखी ओळसुद्धा कदाचित अर्धी खरी. चौदाच्या जोडीने सोळाही ८.१. बाकीच्यांत असं काही नाही, बहुतेक १० ते १२. तपकिरी ओघळ कुणाच्या मानेवर होते, ते आता रक्ताने सांगितलं. दोघांना लोहाचा दुसरा डोस.

गुरुवार असल्याने दुपारी वीज गेलीच. सीरमच्या कुप्या आदल्या संध्याकाळीच बर्फाच्या पेटीत हलवल्या होत्या. पुण्यात काम करायचं तर फ्रीजरला वार कळले पाहिजेत.

३० ऑगस्ट, शनिवार

हॅप्टोग्लोबिनच्या चांगल्या पंधरा नळ्यांचे आकडे आले. शरीरात कुठे सूज, जखम, संसर्ग असला की यकृत हे प्रथिन भराभर बनवतं, डुक्कर वरून ठणठणीत दिसत असलं तरी. आकडे असे की माद्या एकीकडे, नर दुसरीकडे. माद्या सगळ्या प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅमच्या खाली, नर २ च्या आसपास. मी उत्साहाने मॅडमना फोन केला. लिंगानुसार इतका फरक! त्या म्हणाल्या, "आधी फार्मवर फोन कर."

केला. मामा म्हणाले, "शनिवारी खच्ची केली ना सगळी. तुम्हाला सांगायचं राहिलं." म्हणजे २३ तारखेला खच्चीकरण, २६ ला रक्त. हॅप्टोग्लोबिन अशा जखमेनंतर दोन-तीन दिवसांत चढतं. माझा लिंगभेद म्हणजे तीन दिवसांची जखम.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सहा आठवडे. आधी सगळ्यांचं रक्त, मग पहिल्या गटातल्या बारांना लस. दूध तोडायचं दादांनी आजच ठरवलं होतं, ते आठवडाभर पुढे ढकलायला लावलं. आई तुटली, जागा बदलली आणि लस, हे तिन्ही एका दिवशी झालं तर कशाचा परिणाम कशावर, ते कोण सांगणार?

लस जिवंत विषाणूची. बर्फातून काढायची, थंड द्रावकात विरघळवायची आणि लगेच संपवायची. मामांनी सवयीने सिरिंज स्पिरिटने धुवायला घेतली, ती हातातून काढून घेतली. स्पिरिटने लसच मरते. आपल्याकडची जुनी लस सशांच्या प्लीहेपासून बनते, त्यासाठी ससे मारावे लागतात आणि एका सशामागे डोस थोडेच निघतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींवर वाढणारी लस काढल्यावर ही अडचण सुटायची वाट मोकळी झाली. तरी चोवीस डुकरांपुरती लस मिळवायला मला किती फोन करावे लागले ते लिहीत नाही. आणि हे पुण्यात! जिथला लशींचा मोठा धंदा १९६६ साली घोड्यांच्या रक्तातल्या टिटॅनसविरोधी सीरमवर उभा राहिला, त्या गावात डुकराची लस मिळवायला ही धावपळ.

कॉर्टिसॉल आज शेवटचं. पहिलं पिल्लू पकडलं की ते किंचाळतं, आणि ते ऐकून बाकीची कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. पकडल्यापासून काही मिनिटांतच कॉर्टिसॉल वाढायला लागतं. शेवटच्या पिल्लापर्यंत पोचायला आज एक तास वीस मिनिटं लागली. त्या आकड्यात डुकराची तब्येत किती आणि मामांची भीती किती? यादीतून काढलं. मॅडमनी फार वाद घातला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सहा आठवड्यांचं हॅप्टोग्लोबिन. या वेळी फक्त एक नळी गुलाबी. नर खाली आले, सगळे माद्यांच्या बरोबरीने. एक सोडून. अकरा नंबर अजून २.४, अल्ब्युमिनही कमी. पेशींतही पांढऱ्या वाढलेल्या, २४ हजार. स्वाइन फीवरची शंका नाही, त्यात त्या उलट घसरतात.

फोन करून मामांना अकरा नंबर पाहायला सांगितलं. "ताई, चांगला खातोय, पळतोय." उलटून बघा म्हटलं. तासाने फोटो आला. खच्चीकरणाची जखम वरून झकास भरलेली, आत लिंबाएवढी गाठ. फोडली, पू निघाला. वजन पाहिलं तर तीन आठवड्यांत भावंडांपेक्षा दोन किलो मागे. यात नवल नाही. आत आग लागलेली असताना खाल्लेल्या प्रथिनांतून यकृत आधी हॅप्टोग्लोबिनसारखी प्रथिनं बनवतं, मांसाचा नंबर नंतर.

आज पहिल्यांदा मामांनी स्वतःहून विचारलं, की त्या नळीत हे दिसतं कसं.

३० सप्टेंबर, मंगळवार

नवरात्र. इथल्या डुकरांचं अर्धं खाणं हॉटेलांचं खरकटं, मोठ्या काहिलीत उकळून. उकळण्याबाबत मी हट्टी आहे. खरकट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा आला तर स्वाइन फीवर त्यातून येतो, आणि आफ्रिकन स्वाइन फीवरही. तो २०२० पासून देशात आहे आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. दादा म्हणतात गॅस परवडत नाही. लाकडं घाला म्हटलं.

आज काहिलीत डोकावले तर सगळी साबुदाणा खिचडी. वर बटाट्याचा कीस, वरीचा भात. खालून वर उपासच उपास. मजा म्हणून सहा पिल्लांचं रक्त घेतलं, आणि रक्तातला युरिया चांगला खाली गेलेला. पुस्तकात वाचलं तर आनंदाची बातमी. आहारातली प्रथिनं नीट बेतलेली असतील, वाया न जाता अंगी लागत असतील, तर युरिया कमी येतो. पण पोटात प्रथिनच गेलं नसेल तरीही तो कमीच येणार. काहील पाहिली नसती तर मी पहिली गोष्ट लिहिली असती.

दादांना सांगितलं, दसऱ्यापर्यंत शेंगदाण्याची पेंड वाढवा. "उपास डुकरांना पण लागला म्हणायचा," ते म्हणाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नऊ आठवडे. पहिल्या गटाला लसीनंतरचे एकवीस दिवस झाले, त्यांचं रक्त. दुसऱ्या गटातल्या बारांना आज लस, त्याआधी त्यांचंही रक्त. आता उताणं धरणं जमत नाही, वरच्या जबड्यात फास टाकून उभ्याउभ्या. आवाज एवढा की पलीकडच्या शेतातली माणसं बघायला आली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एलायझा, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी मोजायची चाचणी. सहा आठवड्यांचं आणि नऊ आठवड्यांचं सीरम मुद्दाम एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी. वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्लेटवर केलं असतं तर फरक डुकराचा की प्लेटचा यावर भांडत बसलो असतो.

ही स्पर्धेची एलायझा. नमुन्यात अँटिबॉडी असेल तर ती आधी जाऊन बसते, मग किटमधल्या रंगवाल्या अँटिबॉडीला जागा उरत नाही. म्हणजे रंग फिका तर अँटिबॉडी जास्त. मी दर वेळी पाच सेकंद उलटं समजते. निळा रंग चढला, आम्लाचा थेंब पडला तसा पिवळा झाला. काही खड्डे गर्द हळदीसारखे, काही जवळजवळ पाणी.

किटच्या हिशेबाने ४० टक्क्यांच्या वर रंग अडला तर पॉझिटिव्ह. पहिल्या गटातल्या बारांपैकी दहा जण नऊ आठवड्यांना पॉझिटिव्ह. एवढ्यावर थांबले असते तर छान अहवाल झाला असता.

शेजारचा खड्डा मात्र वेगळं सांगतो. पहिलीचा सहा नंबर, लसीच्या दिवशी ७२, एकवीस दिवसांनी ५१. पॉझिटिव्हच, पण उतरलेला. ही लसीने बनवलेली अँटिबॉडी नाही, आईच्या चिकातली उरलेली आहे. एलायझाला आईची आणि पिल्लाची वेगळी कळत नाही. पहिलीच्या चौघांचंही असंच, सगळे उतरणीवर. आईची अँटिबॉडी लसीतल्या विषाणूला वाढूच देत नाही, मग पिल्लाचं शरीर शिकणार कुठून? दुसरीच्या पाचांपैकी दोनच चढले, एक उतरूनही पॉझिटिव्ह आणि दोन पार ४० च्या खाली. तिसरीचे तिघेही चढले. एकवीस नंबर ८ वरून ७१ वर.

लस खरी लागली ती बारांपैकी पाचांनाच. आणि ज्यांना लागली त्यात ती पांढरी रेघवाली पिल्लं. ज्यांच्या केशनळ्या खिडकीत जाड दिसल्या होत्या त्यांना लागलीच नाही. एक नंबरची मादी दरवर्षी लस घेतलेली, चीक भरपूर पाजणारी, पिल्लं सर्वांत वजनदार. तिच्याच पिल्लांचे चार डोस वाया.

मॅडमना प्लेटचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं: "छान." मला छान वाटलं नव्हतं. ही चार पिल्लं आता आईच्या उरलेल्यावर चालली आहेत, आणि ते दर आठवड्याला कमी होतंय. लस न लागलेल्या सातही जणांना पुन्हा टोचायचं ठरवलं, दोन आठवड्यांनी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज. रात्री साडेनऊला मामांचा फोन. दोन डुकरं भिंतीला धडकतायत, दिसत नाहीये बहुतेक.

पोचले तेव्हा एक कुत्र्यासारखं बसलेलं, नाक थरथरत होतं, मग मान मागे जात जात पाठीवर पडलं. मिनिटभराने उठलं आणि परत तेच. ताप नाही. मनात पहिलं नाव स्वाइन फीवर आलं आणि हात गार पडले. मग मामांनी सांगितलं की बोअरची मोटर लक्ष्मीपूजनाच्या रात्री जळाली. दुरुस्तीवाला मिळेना, सगळे गावाला. टँकर सांगितला होता, तो आला नाही. निपलला पाणी नाही, दीड दिवस. आणि खायला काय? मिठाईच्या दुकानातून आलेली शेव-चिवड्याची पोती, फराळाचा चुरा. मीठच मीठ.

मिठाने डुक्कर एकट्याने मरत नाही, मीठ अधिक तहानेने मरतं. पाणी भरपूर असेल तर बरंच मीठ ते पचवतं. पाणी तुटलं की रक्तातलं आणि हळूहळू मेंदूतलं सोडियम चढतं. आणि खरा धोका पुढे आहे. तहानलेल्याला एकदम पाणी सोडलं तर ते मेंदूत ओढलं जातं आणि मेंदू सुजतो. मामा बादली घेऊन उभेच होते. त्यांना थांबवणं या प्रकल्पातलं सर्वांत अवघड काम होतं. "ताई, जनावर तहानेने मरतंय आणि तुम्ही पाणी देऊ नका म्हणताय."

अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडं थोडं दिलं, सकाळी चारपर्यंत. रात्रीच रक्त घेतलं. सकाळी आकडे: सोडियम १६८ आणि १७१, नेहमीचं १५० च्या आत. पीसीव्हीही दोघांचं वर, रक्त आटलेलं. त्याच खोलीतली बाकीची १५५ च्या आसपास, दिसायला बरी. सतरा नंबर पहाटे गेला. बारा नंबर दुपारी उठून उभा राहिला, पण अजून भिंतीला धरून चालतो.

सतरा दुसऱ्या गटातला होता. तक्त्यात त्याची ओळ कापताना कारणाच्या रकान्यात 'मोटर' लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुसऱ्या गटाच्या लसीनंतर अठ्ठावीस दिवस. उरलेल्या अकरांचं रक्त घेतलं. पहिल्या गटातल्या सातांना दुसरा डोस २८ ऑक्टोबरला दिला, ते या तुलनेतून बाहेर. रक्त सकाळी, खाण्याआधी, एकाच क्रमाने. गुलाबी नळी एकही नाही. तीन महिन्यांनी का होईना, हे कोणीतरी बघायला हवं होतं, म्हणून रॅकचा फोटो काढून ठेवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी प्लेट. अकरांपैकी दहा चढले. पहिलीच्या पिल्लांतले तिघे लसीच्या दिवशी ४० च्या खाली उतरलेले होते, तेही ७० च्या वर गेले. चौथा मधेच लटकलेला, लसीच्या दिवशी ४६, आता ३८. त्याच्या आईची अँटिबॉडी नऊ आठवड्यांनाही पुरी उतरली नव्हती.

दादांना काय सांगायचं? नवव्या आठवड्यात टोचा, एवढं सांगून मोकळं होता येईल. पण तिसरीच्या पिल्लांना नवव्या आठवड्यापर्यंत थांबवलं असतं तर मधले काही आठवडे ती उघडी पडली असती. त्यांच्याकडे आईचं मुळात काही नव्हतंच. एकच तारीख दोघींच्या पिल्लांना चालणार नाही. लस घेतलेल्या आईची पिल्लं उशिरा, माहिती नसलेल्या आईची लवकर आणि मग पुन्हा एकदा. त्यासाठी माद्यांची लसीची नोंद पाहिजे, आणि फार्मवर वही नाही.

सोबत वजनं. पहिलीची पिल्लं सरासरी २७ किलो, तिसरीची २२. अकरा नंबर गाठ फुटल्यापासून भरून निघालाय, २५.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फार्मवर शेवटची फेरी. दादांना सगळं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे बाजारातली मादी आणूच नको म्हणताय का?" आणा, पण आणल्याबरोबर रक्त घेऊ, म्हटलं. दोनशे रुपयांची चाचणी महाग वाटते का, हे विचारायच्या आत ते फोनवर गेले.

एक नंबरची मादी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात व्यायची आहे. तिच्या खोलीच्या भिंतीवर खडूने नवीन काहीतरी लिहिलेलं दिसलं. अक्षर मामांचं, मोठं आणि तिरकं: लस जून. त्याखाली: लोखंड, कातडी ओढून. त्याखाली: खच्ची करायच्या आधी ताईला फोन. शेवटच्या ओळीत नुसतं 'पाणी' आणि पुढे बोअरवाल्याचा नंबर.

खडू कुठे ठेवता, विचारलं. पत्र्याच्या खाचेत आहे म्हणाले. मी 'चीक किती वाजता' एवढी एक ओळ वाढवली आणि पुढे जागा मोकळी सोडली.